सांबऱ्याला एफ-३५ उतरवताना

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सांबऱ्यावरून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, एफ-३५ए हे अमेरिकन स्टेल्थ (रडारला कमी दिसणारं) लढाऊ विमान वर नेणं अवघड नाही. आफ्टरबर्नरसह (मागे जादा इंधन जाळून) इंजिनाचा जोर ४३,००० पौंड. थ्रॉटल पुढे ढकला, वेग आला की नाक उचला, गिअर (चाकं) वर घ्या, झालं. कसोटी लागते ती उतरताना. बरेच जण धावपट्टी संपवून पलीकडच्या शेतात जातात आणि दोष सिम्युलेटरमधल्या विमानाच्या फाइलला देतात.

हे विमान वेग सोडायला तयारच नसतं. स्टेल्थसाठी क्षेपणास्त्रं, बॉम्ब, इंधन सगळं पोटात. बाहेर टांगलेलं काही नाही, म्हणजे हवेचा अडथळाही कमी. स्पीडब्रेकचा वेगळा पत्रा नाही. शेपटीवरचे दोन्ही रडर विरुद्ध दिशांना वळवून आणि पंखांचे फ्लॅप हलवून ते काम भागवलेलं आहे. त्यात फ्लाय-बाय-वायर, म्हणजे स्टिक आणि विमान यांच्यामध्ये संगणक. सेस्नासारख्या छोट्या विमानात वेग पडला की नाक खाली जातं, स्टिक ओढावी लागते, हाताला कळतं. इथे नाक जिथे सोडाल तिथेच राहतं, ट्रिमची (स्टिकवरचा दाब काढायच्या सेटिंगची) भानगड नाही. त्यामुळे वेगाचा आकडा सतत बघावा लागतो, आणि तो हेल्मेटच्या काचेवर असतो. बाहेरच्या कॅमेऱ्यातून उतरायचा मोह म्हणूनच टाळा.

आता सांबऱ्याचं गणित. धावपट्टी ०८/२६, लांबी २,३०० मीटर, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,४८७ फूट. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेकडे तोंड करून, २६ वर पूर्वेकडून या. बैलहोंगल डाव्या हाताला राहतं. ३ अंशांच्या उताराला दर नॉटिकल मैलामागे साधारण ३०० फूट धरा. १० मैलांवर अल्टिमीटर ५,५०० दाखवायला हवा, ५ मैलांवर ४,०००. गोव्याचे आकडे डोक्यात ठेवून आलात तर गेलात! तिथला दाबोळी विमानतळ जेमतेम १८४ फुटांवर आहे. वेग २५० नॉटच्या खाली आल्याशिवाय गिअर टाकू नका, आणि तो १० मैलांच्या आधीच खाली आणा. उतार सुरू झाल्यावर वेगही कमी करायला गेलात तर दोन्ही बिघडतात. शेवटी अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) १३ अंशांच्या आसपास धरून थ्रॉटलने उतार सांभाळा. १५० नॉटला खाली यायचा दर मिनिटाला ७५० फूट.

मे महिन्यात तापमान ३५ अंश ठेवून बघा. काट्यावर १५० असले तरी विरळ हवेमुळे जमिनीवरचा वेग वारा नसतानाही १६० च्या पुढे जातो, आणि थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं.

सगळ्यात मोठी चूक इंधनाची. उड्डाण थेट फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यावर) सुरू केलं आणि टाकी भरलेलीच राहिली, तर पोटात १८,००० पौंडांच्या वर इंधन असतं. वजन ४० टक्क्यांनी वाढलं की त्याच अँगलला वेग १८ टक्क्यांनी वाढतो, १५० चे १७७ होतात. आधी इंधन ४,००० पौंडांवर आणा, मग सराव करा. नॉर्वेने बर्फाळ धावपट्ट्यांसाठी आपल्या एफ-३५ ला ब्रेक पॅराशूट लावून घेतलंय. साध्या एफ-३५ए ला ते नसतं, सगळी भिस्त चाकांच्या ब्रेकवर.

जॉयस्टिकचं थोडक्यात: पोटेन्शिओमीटरवाल्या (घासून हलणाऱ्या सेन्सरच्या) स्वस्त स्टिकमध्ये धूळ बसली की नाक आपोआप थरथरतं. डेडझोन (स्टिक हलली तरी विमान दाद देत नाही तो मधला भाग) ३ ते ५ टक्के ठेवा. त्याहून जास्त ठेवलात तर फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक उचलताना) स्टिक आधी काहीच करत नाही आणि मग एकदम उसळते.

आणि स्टेल्थ? मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये तुम्हाला शोधणारं शत्रूचं रडारच नाही, तिथे स्टेल्थ म्हणजे नुसता रंग. लढाईच्या सिममध्ये मात्र एक हिशोब लक्षात ठेवा: रडारचा पल्ला विमानावरून होणाऱ्या परावर्तनाच्या चौथ्या मुळाने बदलतो. परावर्तन १६ पट कमी झालं तर पल्ला निम्माच होतो. पल्ला दहाव्या हिश्शावर आणायला ते १०,००० पट कमी करावं लागतं. पंखाखाली बॉम्ब टांगलात की ही सगळी कमाई गेली. 'विमान दिसतच नाही' असं समजून सरळ रडारच्या तोंडावर जाणारे म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांत पडतात. शस्त्रांचे दरवाजे उघडतात तेवढा वेळही विमान उठून दिसतं, तेव्हा क्षेपणास्त्र सोडलं की लगेच वळा.