पंधरापैकी चार

एम.ए. इंग्रजीच्या पेपरतपासणीचा तिसरा दिवस. बाहेरच्यांना वाटतं, मॉडरेटर सगळे पेपर पुन्हा तपासतो. छे! गठ्ठ्यातल्या मोजक्या उत्तरपत्रिका काढायच्या, परीक्षकाचा हात फार सैल किंवा आखडता नाही ना ते बघायचं, हिरव्या शाईने सही ठोकायची.

प्रश्न होता सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकातल्या ईडिपस राजाच्या अहंकारावर. काढलेला मी, मॉडेल आन्सरही माझंच. ह्युब्रिस (आम्ही शिकवतो तो गर्व), द्रष्ट्या टायरेसियसशी भांडण, डोळस राजा आंधळा नि आंधळा द्रष्टा डोळस, शेवटी स्वतःचे डोळे फोडणं. एवढं सापडलं की दहा-अकरा गुण. आमचे परीक्षक उत्तर वाचत नाहीत, शब्द शोधतात. मीही त्यांना शब्दच शोधायला दिले होते.

एका उत्तराला पंधरापैकी चार होते. अक्षर गचाळ, इंग्रजी मोडकं. सही करायला पेन टेकवलं आणि एक वाक्य दिसलं : 'राजाने तो प्रश्न विचारलाच नाही.'

कुठला प्रश्न? मागे जाऊन वाचलं. पोरगं म्हणत होतं, राजा तापट आहे, गर्विष्ठ आहे, पण सत्याकडे पाठ फिरवणारा नाही. टायरेसियस म्हणतो मला घरी जाऊ दे, राणी योकास्टा विनवते शोध थांबव, मेंढपाळ तोंड उघडत नाही. एकटा राजाच खणत राहतो. मग पुढे : शोध आधीचा राजा लायस याच्या खुन्याचा, आणि तो खुनी आपणच असू ही राजाला भीती. लायसला मारणारे दरोडेखोर अनेक होते, असं जीव वाचलेल्या नोकराने सांगितलं होतं. राजा म्हणतो, तो अजूनही अनेकच म्हणाला तर मी सुटलो, कारण एक म्हणजे अनेक नव्हे. त्यासाठी त्याला बोलावणं धाडतो. तो येतो, तोवर विषय राजाच्या जन्मावर गेलेला. किती जण होते, हे कोणी विचारतच नाही.

बावीस वर्षं हे नाटक शिकवतेय. राजा टायरेसियसला कान, बुद्धी आणि डोळे तिन्हींनी आंधळा म्हणतो, ती ओळ मी वर्गात मूळ ग्रीकमधून म्हणून दाखवते : 'तुफ्लोस ता त ओता तोन ते नून ता त ओम्मात एइ.' त-त-त असा संतापाचा नुसता मारा. मुलं हसतात, मला बरं वाटतं. पण हा न विचारलेला प्रश्न माझ्या एकाही टिपणात नाही.

शिवाय त्याने लिहिलं होतं की ॲरिस्टॉटल 'पोएटिक्स'च्या तेराव्या प्रकरणात बोलतो ते हमार्शियाबद्दल, म्हणजे नेम चुकण्याबद्दल, ह्युब्रिसबद्दल नव्हे. खरंच आहे. अथेन्सच्या कायद्यात ह्युब्रिस म्हणजे दुसऱ्याची मुद्दाम विटंबना, त्यावर खटला चालायचा. आपण सगळे त्याचा 'गर्व' करून मोकळे होतो. नाटकातला कोरस, म्हणजे गाणारा समूह, म्हणतो की ह्युब्रिसमधून जुलमी राजा जन्मतो, पण तिथे ईडिपसचं नाव घेत नाही.

चारचे बारा केले. परीक्षक शेजारीच होते. "मॅडम, मी तर तुमच्या मॉडेल आन्सरप्रमाणेच दिलेत," ते म्हणाले. आवाजात कुठेही टोमणा नव्हता.

इतर गठ्ठ्यांत असं उत्तर असेल, तर ते माझ्यापर्यंत येणारच नव्हतं. मॉडेल आन्सर सुधारावं, सगळ्यांना सांगावं, हे सुचलं. पण दोन दिवसांचं काम उलटं फिरलं असतं.

गुणांत एवढा फरक पडला की कारण लिहावं लागतं. रकाना दोन ओळींचा. मी लिहिलं, 'परीक्षकाची नजरचूक.' त्यांनी वाचलं, काही न बोलता खाली सही केली आणि पुढचा गठ्ठा ओढला.