तारेखालची वाट

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाकडे जाणारी एक पाऊलवाट मी लहानपणापासून तुडवीत आलो आहे. भाताच्या खाचरांच्या बांधावरून निघून ती माळावर चढते. गेल्या महिन्यात तिच्यावर काटेरी तार आडवी आलेली दिसली आणि मी थबकलो. मागून गवताचे भारे घेऊन दोघी जणी आल्या, एकीने विळ्याच्या मुठीने तार वर उचलून धरली, दुसरीने आधी भारे पलीकडे ढकलले, मग ती स्वतः वाकून गेली, आणि "वाट काय त्याच्या बापाची हाय?" एवढे म्हणून दोघी चालू लागल्या.

कायद्याच्या अंगाने पाहिले, तर त्यांचा पक्ष माझ्यापेक्षा भक्कम आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीतून 20 वर्षे उघडपणे, शांततेने आणि अखंड वहिवाट ठेवली, की जाण्या-येण्याचा हक्क मिळू शकतो. त्याच कायद्याच्या 18 व्या कलमात रूढीच्या हक्काचे उदाहरण म्हणून गावच्या सामाईक कुरणात गुरे चारणारा शेतकरीच दिला आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, 1906 च्या कायद्याखाली, शेताची वाट अडवल्यास सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागता येत असे. मात्र हे हक्क शेताला, गुरांना, कसणाऱ्याला चिकटलेले आहेत. ज्याच्या नावे उताऱ्यावर गुंठाभरही जमीन नाही आणि जो नुसता चालायला म्हणून निघतो, त्याची सोय त्यांत नाही.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न होता. 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो लोक मनाई मोडून चढले, पाच जण तुरुंगात गेले, आणि डोंगर, माळ व नोंदलेल्या सामाईक जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला 2000 साल उजाडले. उभ्या पिकातून कोणी भटकावे असे मला मुळीच वाटत नाही (तुडवलेल्या भाताचे दुःख इथे कोणाला सांगायला नको). पण गायरानाचे काय? आपल्याकडे 1964 च्या कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या 71 व्या कलमाखाली सरकारी जमीन चराईसाठी राखून ठेवता येते. ती राखली जाते गुरांच्या नावाने, आणि गोठे रिकामे होत चालले की त्या माळाला वाली उरत नाही.

ती वाट गावनकाशात दाखवली आहे का, हे पाहण्यासाठी मी नकलेचा अर्ज दिला आहे. तोवर तार उचलूनच जातो; एक सदरा फाटला.