स्मरणार्थ तानपुरा, पण कोणाच्या पट्टीत?

मंगळवार, रात्र

आईच्या नावानं तानपुरा करवायचा ठरलं की घरचे आधी विचारतात, नाव कुठं घालायचं? मिरजेचा कारागीर विचारतो, पट्टी कुठली, म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठला? भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी सगळं त्यावर बेततात. आई काळी चारात (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सा मध्ये) गायची आणि आता मुलगा खालच्या काळी एकात गाणार असेल, तर आईच्या मापाचा तानपुरा त्याच्या काय कामाचा? तारा तेवढ्या उतरवल्या की लुळ्या पडतात, जवारी, म्हणजे तारेची ती भरीव झणकार, बोलत नाही. माप गाणाऱ्याचंच घ्यावं.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. तो आधी पाण्यात भिजवतात, मग कापतात. कोरडाच कापला तर तडकतो. गर खरवडायचा, तोंड आकसू नये म्हणून आत काठ्या अडकवायच्या आणि वाळवायचा. गळा, दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरचं पातळ झाकण) तुणीच्या लाकडाची. लाकूड नीट मुरलेलं नसेल तर तारांच्या ओढीनं दांडी वाकते, आणि ते मग घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) घासून निस्तरत नाही. वर्षश्राद्धाला हवाच म्हणून घाई करणारे इथंच फसतात. ऐन आषाढात पॉलिश केलं तर दमट हवेनं चपड्यावर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, पांढुरकी झाक येते, ती वेगळीच.

नाव तबलीवर कोरू नये. ती पातळ, नाद तिथूनच उठतो. दांडीच्या मागच्या अंगाला गळ्याजवळ छोटी पितळी पट्टी पुरे. नक्षी सेल्युलॉइडची; हस्तिदंत मागूच नये, त्याच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे. (2024 पासून मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, तरी घेताना तासभर बसून छेडून पाहावाच.)

आईच्या जुन्या तानपुऱ्यातलं काही नव्यात हवं असतं. खुंटी चालत नाही. भोकाचा उतार वेगळा, ती सरकत राहते. जुन्या घोडीचे पाय नव्या तबलीच्या बाकाला पुरते टेकले नाहीत तर आवाज बसतो. मणका, म्हणजे तारेतला मणी, मात्र खुशाल ओवावा, मधल्या जोडीच्या तारेत. स्वर मिळवताना बोट रोज त्यावरच जातं: घोडीपासून खाली सरकवला की स्वर केसभर चढतो.

नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, त्यात दोष नाही. रोज वाजला तर पुढं घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि घोडी घासून जवारी पुन्हा काढावी लागते. तो खर्च आधीच धरून ठेवावा.