पहिले दोन आणि शेवटचे दोन

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह या नेमबाजीच्या संगणक-खेळाची स्पर्धा होती. २० संघ, म्हणजे पहिल्या फेरीचे १० सामने एकाच वेळी, आणि ते चालवायला मशीन एकच. प्रोसेसर ८ कोअरचा, पण हायपर-थ्रेडिंगमुळे, म्हणजे एका कोअरचे दोन भासवणाऱ्या सोयीमुळे, लिनक्सला १६ दिसणारा. आदल्या रात्री २७०१५ ते २७०२४ या पोर्टांवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दार-क्रमांकांवर, मी दहा सर्व्हर, दर सामन्याला एक, उभे केले आणि टास्कसेट ही लिनक्सची कमांड वापरून त्यांना ० ते ९ असे क्रमाने कोअर नेमून दिले. आता कुणी कुणाच्या वाटेत येणार नाही, अशी माझी खात्री होती.

सामने सुरू झाले आणि हाकाही सुरू झाल्या. "दादा, गोळी लागतच नाहीये!" "दादा, मागे खेचल्यासारखं होतंय!" प्रोसेसरवरचा भार दाखवणारं एचटॉप उघडलं, तर एकूण लोड निम्मासुद्धा नाही. मी केबल बदलल्या, स्विच बदलला. वीस मिनिटं वाया गेली.

मग एका स्वयंसेवक मुलीने सगळ्या तक्रारी पोर्टप्रमाणे कागदावर मांडून आणल्या. चारच सर्व्हर: पहिले दोन आणि शेवटचे दोन. मधल्या सहांवर एकही तक्रार नाही. कागद बघताच माझ्या पोटात गोळा आला.

प्रोसेसरची रचना दाखवणाऱ्या एलएससीपीयू कमांडने जोड्या दाखवल्या. ० आणि ८ मुळात एकच कोअर, १ आणि ९ सुद्धा. या खेळाच्या सर्व्हरचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर. १२८ टिक, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा दहा खेळाडूंचा सगळा हिशेब ७.८ मिलिसेकंदांत संपवायचा, दर वेळी. दोन सर्व्हर एकाच कोअरवर झटायला लागले की दोघांचीही वेळ चुकते. सरासरी लोडमध्ये हे दिसत नाही. तिथेच मी फसलो.

आठ कोअरवर आठच सामने नीट चालणार होते. शेवटचे दोन थांबवावे लागले, आणि ते सांगायला मी स्वतः गेलो. एक संघ ९–३ ने पुढे होता. त्यांचा कप्तान काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्या मुलांनी महिनाभर रात्री जागून सराव केला होता. प्रत्येक राउंडची बॅकअप फाइल सर्व्हरवर असते, स्कोअर जाणार नाही, असं मी त्याला दोनदा सांगितलं.

ते दोन सर्व्हर बंद केल्याबरोबर २७०१५ आणि २७०१६ वरच्या हाका थांबल्या. पाऊण तासाने पहिला कोअर मोकळा झाला. तिथे मी बॅकअप चढवला. स्क्रीनवर ९–३ उमटलं. कप्तानाने ते वाचलं आणि हेडफोन कानाला लावला.