वहीवाले पेशंट

रुग्णालयातल्या रांगेचं संगणकावर बनवलेलं मॉडेल चुकतं तेव्हा बहुतेक एकाच बाजूला चुकतं. संगणकातला पेशंट जिन्यात दम खायला थांबत नाही, त्याचा केसपेपर घरी राहत नाही, तो हात पुढे करायच्या आधी स्वेटरची बाही पाच मिनिटं सोडवत बसत नाही. त्यामुळे संगणकातली रांग खऱ्या रांगेपेक्षा भराभर सरकते आणि आम्ही लोक मग ती खऱ्याच्या जवळ आणायला तिच्यात एकेक अडथळा घालत बसतो. एका रुग्णालयात मात्र उलटं झालं. माझ्या मॉडेलमध्ये तपासणीसाठी रक्त द्यायला सरासरी ७० मिनिटं थांबावं लागत होतं, आणि खोलीबाहेर बाकड्यावर बसून मोजलं तर ४२ भरत होती.

सरकारी यंत्रणा माझ्या गणितापेक्षा चपळ निघाली, यावर माझा विश्वास बसेना. मी 'मोजणीतील त्रुटी' असा शेरा मारला आणि पुन्हा मोजलं. ४४.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर. दहा वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लाइन बॅलन्सिंग केलं, म्हणजे कुठल्याच टप्प्यावर काम तुंबू नये अशी कामाची वाटणी. आता रुग्णालयांच्या रांगा बघतो. हे रुग्णालय कुठलं ते सांगत नाही. मोठं आहे, सार्वजनिक आहे आणि मंगळवारी तिथे मधुमेहाची ओपीडी असते, एवढं पुरे. तक्रार नेहमीचीच होती: रक्ततपासणीच्या खोलीबाहेर गर्दी, भांडणं, एकदा तर काच फुटली. अधीक्षकांच्या मते कर्मचारी हळू काम करत होते आणि कर्मचाऱ्यांच्या मते माणसं कमी होती. दोघांनीही मला हे चहा यायच्या आत सांगितलं.

रांगेचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ मध्ये ते मांडलं. प्रश्न फोन लावणाऱ्यांचा होता, पण रक्त देणाऱ्यांनाही तेच लागू पडतं. लोकांना त्यातली एक गोष्ट पटता पटत नाही. समजा एकच खिडकी आहे आणि माणसं मनाला येईल तेव्हा येतात. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेतल्याला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ ताटकळावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ ला एकोणीसपट. कर्मचारी रिकामा दिसला की साहेबांच्या कपाळावर आठी पडते. खरं तर तो थोडा रिकामा आहे म्हणून रांग चालते. हे मी प्रत्येक रुग्णालयात सांगतो आणि प्रत्येक रुग्णालयात माना डोलतात. त्यानंतर कुणीतरी विचारतंच, "पण मग रिकाम्या वेळात त्यांना दुसरं काय काम देता येईल?"

इथे तीन टेबलं होती. एका पेशंटला साडेतीन मिनिटं. प्रयोगशाळेच्या रजिस्टरप्रमाणे मंगळवारी साधारण १६० पेशंट. दारावर पाटी: रक्त घेण्याची वेळ ९ ते १२.३०. म्हणजे टेबलं ८९ टक्के गुंतलेली, आणि त्यात निम्मे लोक नऊच्या आतच येऊन उभे. सिमपाय हे रांगांची संगणकात नक्कल करायचं सॉफ्टवेअर वापरून मी दोन रात्रींत मॉडेल बसवलं. वेळ मोजायला मी साधी युक्ती वापरतो: रांगेत शिरणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि खोलीच्या दारात ती परत घ्यायची. दर तिसऱ्या. सगळी माणसं मी मोजली असती तर घोळ पहिल्याच दिवशी कळला असता. मी फक्त चिठ्ठ्या मोजल्या.

कारखान्यात असताना आकडे जुळले नाहीत तर मी लाइनवरच्या माणसांना विचारायचो. इथेही तेच केलं. दुपारी अडीचला, ओपीडी ओसरल्यावर, त्यांच्या चहाच्या खोलीत टेबलावर मोठा चार्टपेपर पसरला. काड्यापेट्या म्हणजे टेबलं. हरभरे म्हणजे उपाशीपोटी आलेले मधुमेहाचे पेशंट, तूरडाळ म्हणजे बाकीचे, राजमा म्हणजे व्हीलचेअरवाले. फासा टाकायचा आणि जेवढे ठिपके पडतील तेवढी मिनिटं सुई. सहा ठिपके म्हणजे शीर सापडत नाही. इनचार्ज सिस्टर, दोन टेक्निशियन, नमुने वर नेणारे मामा, सफाईच्या मावशी, पावतीच्या खिडकीवरचे क्लार्क आणि दारावरचा सुरक्षारक्षक, असे सगळे जमले. क्लार्क यायला तयार नव्हते. "आमचा काय संबंध?" म्हणाले, आणि मग सगळ्यात मन लावून तेच खेळले.

पहिला धडा मलाच मिळाला. मामा ट्रे भरल्याशिवाय वर जात नाहीत, म्हणून नमुने अडकतात, असं मी ठामपणे मांडलं. चाकणची शिकवण: एकेक वस्तू पुढे सरकली पाहिजे, ढीग साचता कामा नये. टेक्निशियनबाईंनी शांतपणे एक लाल झाकणाची ट्यूब दाखवली. "सर, हिच्यातलं रक्त गोठायला अर्धा तास लागतो. गोठल्याशिवाय मशिनमध्ये फिरवता येत नाही. मामांनी धावत नेली तरी वर जाऊन ती उभीच राहणार. करड्या झाकणाची शुगरची, तिच्यात फ्लोराइड असतं, पेशी साखर खात नाहीत. ती पण थांबू शकते." मग मामा म्हणाले, "आन् लिफ्ट? लिफ्ट साडेदहाला जेवणाच्या गाडीची. त्या टायमाला मी जिन्यानं जातो. माझे गुडघे बी टाका तुमच्या कंप्युटरात." माझ्या अहवालातला पाच पानांचा भाग तिथेच गेला.

मग फासे पडू लागले. मी म्हटलं, "घड्याळ नऊ. सुरू करू." मावशींनी तेवढ्यात मूठभर हरभरे उचलले आणि थेट टेबलांपलीकडे, 'रक्त देऊन झालं' या चौकोनात ठेवून दिले.

"मावशी, अजून सुरू नाही केलं."

"सर, तुमचं घड्याळ नऊला चालू होतं. आमचं साडेसातला."

क्लार्क चष्मा पुसू लागले. सुरक्षारक्षकाचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. मावशींनी सिस्टरकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की तोंडून जायला नको ते गेलं होतं. सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोला मावशी, आता तोंड उघडलंच आहे तर."

प्रकार असा होता. मधुमेहाच्या पेशंटची दोनदा तपासणी लागते: उपाशीपोटी एकदा, आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा. पावतीची खिडकी उघडते नऊला. नियमाने चालायचं तर पावती मिळेपर्यंत पावणेदहा, रक्त देईपर्यंत पावणेअकरा, मग बाहेर जाऊन पोहे-चहा, आणि दोन तासांनी परत यावं तर पावणेएक. खोली बंद होते साडेबाराला. म्हणजे पहाटेच्या एसटीने उपाशी आलेला माणूस नियम पाळून एका दिवसात दोन्ही तपासण्या करूच शकत नाही. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. खिडकीची वेळ लेखा विभागाने ठरवलेली, खोलीची प्रयोगशाळेने, ओपीडीची आणखी कुणी. तिन्ही वेळा आपापल्या जागी योग्यच होत्या.

सिस्टर साडेसातला येत. म्हातारे, लांबचे, इन्सुलिनवाले असे चाळीसेक पेशंट त्या आधीच घेत. ट्यूबवर मार्करने जुन्या केसपेपरचा नंबर, आणि लाल कापडी पाठीच्या वहीत नाव. पेशंट खाऊन दुसऱ्यांदा येताना पावती घेऊन यायचा, मग वहीत बरोबरची खूण. जे पावती आणत नसत त्यांचे पैसे कोण भरायचं, हे मी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, पण मामांनी सिस्टरकडे पाहिलं. या पेशंटना सगळे 'वहीवाले' म्हणत. मला कळायला दोन महिने लागले.

त्या रात्री मी मॉडेलमध्ये वहीवाल्यांची वेगळी वाट घातली. १६० मधले ४० नऊच्या आधीच बाहेर. टेबलांवरचा भार ८९ वरून ६७ टक्क्यांवर. सरासरी थांबणं ४३ मिनिटं. बाकड्यावरच्या चिठ्ठ्या ४२ आणि ४४ सांगत होत्या. एवढं चपखल मॉडेल माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं, आणि मी बायकोला झोपेतून उठवून ते दाखवलं.

आणि हीच वाट मी अधीक्षकांपुढच्या सादरीकरणात नारंगी बाणाने दाखवली. बाणावर लिहिलं: 'पावतीपूर्व नमुना'. मला वाटत होतं मी सिस्टरचं कौतुक करतोय. सांगतही होतो तसंच, की एका परिचारिकेने स्वतःच्या डोक्याने तुमची व्यवस्था सावरून धरली आहे. सिस्टर मागच्या ओळीत मेट्रनच्या शेजारी बसल्या होत्या. मावशी, मामा यांना बोलावलंच नव्हतं. सहभाग अडीचच्या चहापुरता होता, निर्णय वातानुकूलित खोलीत. हे मला तेव्हा खटकलं नाही.

लेखाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे शुल्क जमा होण्याआधी सेवा दिली जाते? ती वही कुठे आहे?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांचा आक्षेप वेगळा होता आणि मला तो अजूनही खोडता येत नाही. "ट्यूबवर हाताने नंबर? एकाच नावाच्या दोन बायका एकाच सकाळी आल्या आणि नंबरातला एक आकडा पुसला, तर एकीची साखर दुसरीच्या कागदावर जाईल. इन्सुलिनचा डोस त्यावर ठरतो." असं कधी झालं होतं का, ते कुणी विचारलं नाही.

वही दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतली गेली. आठवड्याने सिस्टरना पत्र आलं: तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

मी नियमाबरहुकूम मॉडेल पुन्हा चालवलं, म्हणजे मुळात जे चुकलं म्हणून मी वैतागलो होतो तेच. त्या चाळीस वहीवाल्यांपैकी तीसच्या आसपास पेशंटची दुसरी तपासणी त्या दिवशी होतच नव्हती. तो तक्ता छापून मी सिस्टरकडे गेलो. म्हटलं, खुलाशाला जोडा. त्यांनी तो नीट वाचला. आकडे त्यांना लगेच कळतात, हे मी त्या फाशांच्या दुपारीच पाहिलं होतं. मग घडी घालून परत दिला.

"हा नको, सर. हा जोडला तर मी ठरवून करत होते असं सिद्ध होईल. मी लिहिलंय की गर्दी होती, चूक झाली, पुन्हा होणार नाही."

"पण चूक झालेली नाहीये."

"दोन वर्षं राहिलीत माझी रिटायर व्हायला."

ताकीद मिळाली, नोंद सेवापुस्तकात गेली. अधीक्षक माणूस वाईट नाहीत; तो तक्ता मी त्यांना नंतर एकट्यात दाखवला आणि दोन महिन्यांनी मंगळवारी पावतीची एक खिडकी साडेसातला उघडू लागली. तेच क्लार्क येतात, बदली रजा घेतात. बारकोडचा छोटा प्रिंटरही खोलीत आला. थांबण्याची वेळ २९ मिनिटांवर आली. आकड्यांत हे माझं सर्वांत यशस्वी काम आहे आणि त्यावर मी दोन ठिकाणी भाषणं दिली आहेत. सिस्टरची बदली त्याच सुमारास कान-नाक-घशाच्या वॉर्डात झाली. नेहमीच्या क्रमानेच झाली, असं मेट्रन म्हणाल्या. क्रम बघायला मागितला नाही.

मध्यंतरी एक गोष्ट वाचनात आली आणि डोक्यात राहिली. सिम्युलेशनसाठी, म्हणजे अशी नक्कल संगणकात चालवण्यासाठी, बनलेल्या पहिल्यावहिल्या संगणकीय भाषांपैकी एक, सिम्युला, ऑस्लोमध्ये १९६० च्या दशकात दोघांनी घडवली. त्यातले क्रिस्टेन न्यूगार्ड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थेट नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनसोबत काम करू लागले. कारखान्यात संगणक येतोय तर त्याबद्दल कामगारांना स्वतःला समजलं पाहिजे आणि मालकाशी बोलणी करता आली पाहिजेत, म्हणून. ज्या माणसाने माझ्या धंद्याचं हत्यार बनवलं, त्याला ते कुणाच्या हातात आहे याची एवढी चिंता होती. मला 'कर्मचारी सहभाग' दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकवला गेला. त्यात चार्टपेपर होता, रंगीत चिकटचिठ्ठ्या होत्या. माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कुठल्या खोलीत न्यायची आणि कुठल्या नाही, याबद्दल एक ओळ नव्हती.

गेल्या महिन्यात त्याच रुग्णालयाने औषधाच्या खिडकीसाठी बोलावलं. तोच चार्टपेपर, त्याच काड्यापेट्या, नवे हरभरे. चहाही तोच. खिडकीवरचे सहाही जण वेळेवर आले, नीट बसले. वरिष्ठ फार्मासिस्टनी एकेक दाणा भिंतीवरच्या पाटीत लिहिल्याप्रमाणे सरकवला. चिठ्ठी, नोंद, तपासणी, औषध, सही. मी विचारलं, गर्दी झाली की काही वेगळं करावं लागतं का?

"नाही सर. सगळं नियमाप्रमाणेच आहे."

मावशी खोली पुसत होत्या. आता त्यांची ड्युटी तिथे आहे. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, ओळखीचं हसल्या आणि बादली उचलून बाहेर गेल्या.

दाणे सरकले त्याप्रमाणे मॉडेल बांधलं. थांबण्याची वेळ आली ३८ मिनिटं. यंदा मी प्रत्येक माणूस मोजला. खिडकीबाहेर तीन दिवस उभा होतो. २१ मिनिटं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीच्या आत फळीवर एक निळ्या पुठ्ठ्याची डायरी दिसली. मी घड्याळ खिशात टाकलं. अहवालात दोन्ही आकडे दिले आहेत आणि फरकाचं कारण लिहिलं आहे: मोजणीतील त्रुटी.