तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या उन्हातला कॅमेरा

कापसाचे पैसे आले किंवा दिवाळीचा बोनस झाला की मला फोन येणार हे ठरलेलं. "सर, रोजच्या फोटोंसाठी छोटा मिररलेस घ्यायचाय. सोनी घेऊ, कॅनन घेऊ, निकॉन की फुजी?" (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा.) मग चार मॉडेलांची नावं, आणि कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं "याचा ऑटोफोकस त्याच्यापेक्षा भारी". धुळ्याच्या आमच्या जिभाऊंनी मात्र मुळावरच घाव घातला, "मोबाईल शे ना हातमा, मंग कॅमेरा कसाले?"

जिभाऊंचं म्हणणं निम्मं खरं आहे. फोटो व्हॉट्सॲपवरच जाणार असतील, तर मोबाईल पुरतो. भर उन्हात ओसरीतल्या माणसाचा चेहरा आणि अंगणातलं ऊन दोन्ही नीट दाखवणं मोबाईलला कित्येकदा जास्त चांगलं जमतं, कारण तो एका दमात अनेक फोटो घेऊन ते आपोआप जोडतो. लांबचं, अंधारातलं किंवा पळणारं काही टिपायचं असेल, किंवा फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा असेल, तर कॅमेरा हवा.

आता कोणता ते. मी उलट विचारतो, "फोटो काढणार कधी? दुपारी की संध्याकाळी?" लोक गोंधळतात. पण आपल्याकडे सगळा निकाल त्यावरच लागतो. परीक्षणं करणारी बरीच मंडळी गार हवेच्या गावात, ढगाळ उजेडात कॅमेरा फिरवतात. त्यांना मागचा स्क्रीन छान दिसतो. तोच स्क्रीन रावेरच्या केळीबागेबाहेर सकाळी अकराला बघा, त्यात फक्त आपलं तोंड दिसतं. म्हणून सोनीचा झेडव्ही-ई१०, निकॉनचा झेड३०, फुजीचा एक्स-एम५ हे तिन्ही मी फोटोवाल्यांच्या यादीतून आधीच काढतो. कॅमेरे चांगले आहेत, व्हिडिओ करणाऱ्यांनी खुशाल घ्यावेत. पण त्यांना डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, आणि व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा खान्देशात फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत अर्धा आंधळाच.

हे नंदुरबारच्या मिरचीवर लगेच कळतं. हिवाळ्यात गावाबाहेर पथारींवर ओल्या मिरचीचे गालिचे पसरलेले असतात, तोंडाला रुमाल बांधलेल्या बाया ती उलटीपालटी करत असतात. फोटो सोपा वाटतो. घरी येऊन मोठा करून बघावा तर मिरचीची सुरकुती नाही, सालीवरची चकाकी नाही, नुसता लाल रंगाचा थर. होतं असं की एकूण उजेडाचा आलेख ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख एकटाच उजव्या कडेच्या भिंतीला जाऊन टेकलेला असतो, आणि टेकला की त्यातले बारकावे गेले. उपाय साधा: लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम चालू करायचा, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचं. जुन्या डीएसएलआरच्या भिंगात आरशातून आलेलं दृश्य दिसायचं. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते बटण दाबायच्या आधीच दिसतं. हा एवढा मोठा फायदा, आणि तो डोळा लावल्याशिवाय उन्हात मिळत नाही.

उरलेल्यांत कॅननचा आर५०, सोनीचा ए६७००, फुजीचा एक्स-टी५० आणि निकॉनचा झेड५० टू. चौघांचेही सेन्सर (उजेड टिपणारा भाग) एपीएस-सी मापाचे, म्हणजे मोबाईलच्या सेन्सरच्या कितीतरी पट मोठे. गंमत म्हणजे व्ह्यूफाइंडरचे ठिपकेही चौघांचे सारखेच, २३ लाख ६० हजार. पण आतलं चित्र सारखं दिसत नाही. आर५०चं लहान, मॅग्निफिकेशन (चित्र किती मोठं दिसतं ते) जवळपास ०.५९ पट. ए६७००चं ०.७०. आकडे वाचून फरक किरकोळ वाटेल, पण माझ्यासारखा चष्मा असेल तर आर५०मध्ये कोपरे शोधावे लागतात. झेड५० टूचा व्ह्यूफाइंडर आधीच्या झेड५०च्या दुप्पट उजळ केलाय. डोळे उन्हाने दिपलेले असताना आत अंधार वाटत नाही, हे मला मेगापिक्सेलपेक्षा मोलाचं वाटतं. मेगापिक्सेलचं म्हणाल तर फुजी ४०, झेड५० टू २१च्या आसपास, बाकीचे मधे. दिवाणखान्यात लावायच्या फोटोला २१ भरपूर झाले.

वजनात आर५० जिंकतो, बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम. एक्स-टी५० ४३८, ए६७०० ४९३, झेड५० टू ५५० ग्रॅम. रोज गळ्यात घालायचा तर हा फरक मानेला कळतो. तरी घाम आलेल्या हातात झेड५० टूची मूठ पक्की बसते आणि आर५० धरताना करंगळी हवेत राहते, तेव्हा तराजू पुन्हा झेड५० टूकडे झुकतो.

उन्हाची दुसरी बाजू तापमान. या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत वापराची मर्यादा बहुधा ४० अंश छापलेली असते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, म्हणजे कागदोपत्री आपण महिनाभर कॅमेरा वापरूच नये! प्रत्यक्षात फोटो निघतात. सलग ४के व्हिडिओ करायला जाल तर कॅमेरा तापून बंद पडू शकतो. काळी बॉडी आहे, दोन फोटोंच्या मधे तिच्यावर पांढरा बागायती रुमाल टाका. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, एवढं ऐका.

धुळीचं थोडक्यात सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलात तर तापीकाठी टापांनी उडालेली धूळ सगळीकडे असते. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा, मधे आरसा नाही. त्यामुळे तिथे लेन्स बदलायचीच नाही. ओएम सिस्टिम या कंपनीचा ओएम-५ आयपी५३ दर्जाचा आहे, धूळ-पाण्याला तयार, पण सोबत तशीच सीलबंद लेन्स हवी, आणि त्याचा सेन्सर या चौघांपेक्षा लहान. आर५० आणि एक्स-टी५० यांना अशी सील नाही.

आता रात्र. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी बघायला निघालेले हमखास विचारतात, "स्टॅबिलायझेशन असलेला घेऊ ना?" ए६७०० आणि एक्स-टी५०च्या बॉडीत ते आहे, आर५० आणि झेड५० टूच्या नाही. पण ते आपला हात सावरतं, समोरच्याचे पाय नाही. मोरपिसांचा टोप घालून, कमरेला घुंगरं बांधून रात्रभर नाचणारा बुध्या स्थिर टिपायचा तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास लागतं, आणि त्याला उजेड हवा. कॅनन-निकॉनच्या सोबत येणाऱ्या लेन्सचं तोंड पूर्ण झूमवर एफ/६.३ एवढंच उघडतं (एफचा आकडा लहान, तेवढं तोंड मोठं). एफ/१.८ची लेन्स तिच्या १२ पट उजेड आत घेते. आयएसओ चढवला, म्हणजे कॅमेऱ्याने आलेला उजेड वाढवून दाखवला, तर फोटो उजळ होतो, पण त्यात दाणे येतात; आत न आलेला उजेड काही मिळत नाही. म्हणून बॉडीवर सगळे पैसे संपवू नका. कॅननसाठी आरएफ ५० मिमी एफ/१.८ स्वस्त आणि हलकी आहे. आर५०वर ती ८० मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्य जास्त जवळ ओढते; चेहऱ्यांना उत्तम, पण खापरावरचे मांडे करणाऱ्या मावशींचा फोटो चुलीजवळून घ्यायला गेलात तर पाठ भिंतीला लागेल. निकॉनसाठी ४० एफ/२. सोनीवाल्यांना सिग्मा या कंपनीची १८-५० एफ/२.८ ही एकच लेन्स बाजारापासून लग्नापर्यंत पुरते, आणि ती फुजीलाही मिळते.

तेव्हा सांगतो ते असं. पैसे मोजकेच असतील आणि चष्मा नसेल तर आर५० आणि ती ५०ची लेन्स. फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर बसायचा कंटाळा असेल तर एक्स-टी५०. त्यावरची रंगांची चकती फिरवली की रंग तयार मिळतात. लेन्स एकदा लावून परत काढायचीच नसेल तर ए६७०० आणि सिग्मा. मला स्वतःला विचाराल तर झेड५० टू, केवळ त्या उजळ व्ह्यूफाइंडरसाठी.

पण माझ्यावर जाऊ नका. दुकानातल्या एसीत सगळेच कॅमेरे छान दिसतात. दुपारी बाराला जा, चष्मा असेल तर लावूनच, आणि दुकानदाराला सोबत घेऊन कॅमेरा बाहेर रस्त्यावर आणा. आधी मागच्या स्क्रीनवर बघा, मग डोळा लावून बघा. तो बाहेर आणू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.