आज बासरीची ऑर्डर दिली, नंबर आठ महिन्यांनी

कारागिराला फोन दहा मिनिटांचाच, पण त्याआधीची तयारी पक्की हवी.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीत होतो. वरची तीन छिद्रं बंद केल्यावर येतो तो सा, आणि बासरीची पट्टी त्यावरून ठरते. सहाही बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. काही जण या खालच्या सुरावरून नाव देतात, मग पांढरी तीन (पेटीची तिसरी पांढरी पट्टी सा धरलेली) मागितली की भलतीच हातात येते. भजनी मंडळाच्या पेटीसोबत वाजवायची असेल तर आधी ती पेटी मोबाईलच्या ट्यूनरवर तपासा. जुनी पेटी 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली असेलच असं नाही.

पांढरी तीन जवळपास 30 इंच लांब. बोटं छिद्रांपर्यंत पोचतील का हे कळावं म्हणून फुटपट्टीशेजारी पंजा पसरून फोटो पाठवा. डावखुरे असाल तर तेही सांगा.

इतकं थांबणं कशासाठी? बांबू पातळ, लांब पेराचा लागतो, तो ईशान्येकडून येतो. आपल्या मेळघाट-गडचिरोलीचा मानवेल जवळजवळ भरीव, त्याला नळीच नाही. आणलेला बांबू सावलीत मुरावा लागतो. कच्चा राहिला तर आपल्या मे महिन्यात उभा तडकतो, म्हणून दोऱ्याचे बंध आवर्जून मागा.

पार्सल पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना चिंध्या कोंबून. आल्यावर सूर सकाळी तपासा. दुपारच्या तापलेल्या हवेत तो चढाच लागतो. मग आतून मोहरीच्या तेलाचा हलका हात. कुलरच्या झोतात मात्र ठेवू नका.